कंठस्वराचा कारभार : प्रस्तावना

सतार, सारंगी, बीन इत्यादी जेवढी म्हणून वाद्ये मनुष्याने घडविली, त्या सर्वांचे अंतरंग त्याला उघडून पाहता येते. तार उतरली तर ती चढविता येते, भोपळ्याला तडा गेला तर कारागिराकडे नेता येते, आणि आपली बोटे पडद्यावर नेमकी कोठे पडतात हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून वादकाला आपली चूक सुधारता येते. परंतु ज्या वाद्याला आपल्या पूर्वसूरींनी सर्व वाद्यांत अग्रस्थान दिले ते कंठरूपी वाद्य मात्र ज्याचे त्याला जन्मभर अदृश्यच राहते, आणि अदृश्य वस्तूचा कारभार जसा नेहमी ऐकीव माहितीवर चालतो तसाच गायकांच्या गळ्याचा कारभारही आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकीव माहितीवर चालत आलेला आहे. कोणी दही-लोणच्यावर आजन्म बंदी घालतो, कोणी आवाज पार बसेपर्यंत रियाज केल्याशिवाय गळा तयार होत नाही असे छातीठोकपणे सांगतो, तर कोणी ‘पोटातून गा’ असा हुकूम सोडून, पोटातून गाणे म्हणजे नक्की काय करावयाचे, असा खुलासा मागणाऱ्या विद्यार्थ्याला उद्धट ठरवून मोकळा होतो. या सांगण्यांपैकी काही दीर्घ अनुभवातून आलेले आहे, काही निव्वळ गैरसमजातून आलेले आहे, आणि दोहोंची निवड करण्याचे साधन हाताशी नसल्यामुळे श्रद्धाळू विद्यार्थी दोन्ही सारख्याच निष्ठेने पाळतो. ते साधन त्याच्या हाती द्यावे एवढेच प्रस्तुत पुस्तकाचे प्रयोजन आहे. याचे कर्ते दोघे आहेत. एक गायनाचे अध्यापक, दुसरे कान, नाक व घसा यांच्या विकारांचे वैद्य. आणि दोघेही नागपुरातील आमच्या धरमपेठेतलेच असल्यामुळे प्रस्तावना लिहिण्याची कामगिरी शेजारधर्माने माझ्याकडे आली आहे. मी गवई नाही व वैद्यही नाही. परंतु गाणे ऐकण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला गळ्यांचे उदयास्त पाहावयास मिळतात, आणि तेवढ्या अधिकारावर मी ही कामगिरी पत्करली आहे.

या विषयाचा विचार महाराष्ट्रात नव्याने होत आहे अशी मात्र कोणी समजूत करून घेऊ नये. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला, तेव्हा नाद, श्रुती आणि स्वर यांच्या निरूपणाला हात घालण्यापूर्वी गर्भापासून मनुष्यदेह कसा आकाराला येतो हे सांगण्यासाठी त्याने पिंडोत्पत्तीचे एक सबंध प्रकरण खर्ची घातले. हा शार्ङ्गदेव राजाच्या हिशेबदप्तराचा प्रमुख होता आणि वैद्यकातही त्याला गती होती. त्यामुळेच की काय, आवाजासंबंधी लिहिताना तो स्तुतिस्तोत्रे गात बसत नाही, जमाखर्चाच्या काटेकोरपणाने तपशील मांडतो. कफप्रधान, स्निग्ध व सुकुमार तो खाहुल. पित्तप्रधान, मंद्र-मध्य-तार या तिन्ही स्थानांत घन व गंभीर राहणारा तो नारट. वातप्रधान, जाड खरा परंतु एरंडाच्या दांड्यासारखा आतून निःसार तो बोंबक. आणि यांच्या मिश्रणाने होणारा तो मिश्रक, अशा आवाजाच्या चार जाती त्याने केल्या. पुढे गायकाचे पंचवीस दोष त्याने नावानिशी नोंदविले आहेत. दात आवळून गाणारा तो संदष्ट, ओरडून गाणारा तो उद्घुष्ट, नाकात गाणारा तो सानुनासिक. ज्याच्या कपाळावरच्या, चेहऱ्यावरच्या आणि मानेवरच्या शिरा गाताना तट्ट फुगतात तो झोंबक, आणि ज्याचा गळाच भोपळ्यासारखा फुगतो तो तुंबकी.

ही यादी आजच्या घसातज्ज्ञापुढे ठेवली तर तो ती केवळ रसिकाची तकरार म्हणून बाजूला सारणार नाही. कारण बिघडलेला आवाज घेऊन गायक त्याच्याकडे येतो तेव्हा तोही प्रथम हेच पाहतो, की जबडा आवळलेला आहे काय, मानेचे स्नायू दोरखंडासारखे उभे राहतात काय, स्वर वर जाताना हनुवटी पुढे येते काय. जवळजवळ आठशे वर्षांपूर्वीच्या हिशेबनिसाने जे दोष सौंदर्याच्या खात्यात मांडले तेच आज विकृतीच्या खात्यातही मांडले जातात, आणि या दोन खात्यांची रुजुवात घातली असता जो सिद्धांत हाती येतो तोच या पुस्तकाचा कणा आहे: गाताना जे आयासाने होते ते कानालाही खटकते व गळ्यालाही बाधते, म्हणून आवाजाची निगा ही गायनविद्येला मागाहून जोडावयाची पुरवणी नसून तिचे पहिले प्रकरण आहे.

जिवंत मनुष्याचा गळा गाताना आतून कसा दिसतो हे पाहण्याचा मान मात्र एका गायनशिक्षकाकडे जातो. मान्वेल गार्सिया हा स्पॅनिश घराण्यातील नामांकित गानशिक्षक. १८५४ साली त्याने दंतवैद्याचा लहानसा आरसा पडजिभेपाशी धरून व त्यावर सूर्याचा कवडसा पाडून स्वतःचे स्वरयंत्र स्वतः पाहिले, आणि पुढल्याच वर्षी आपली निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. गळ्याच्या वैद्यकाचा पाया अशा रीतीने एका गायनशिक्षकाच्या हातून घातला गेला, ही गोष्ट गायकांनी अभिमानाने आणि वैद्यांनी विनयाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्या आरशात जे दिसते ते थोडक्यात असे. श्वासनळीच्या माथ्यावर, मानेच्या पुढील भागात हाताला लागणाऱ्या कंठमण्याच्या आड, कूर्चांची बनलेली एक लहान पेटी आहे. अन्नपाण्याचा कण श्वासमार्गात शिरू न देणे ही तिची मूळ नोकरी, आणि गाणे हा तिचा जोडधंदा आहे; म्हणूनच जड ओझे उचलताना किंवा घास गिळताना ती जशी घट्ट मिटते तशीच घाबरलेल्या गायकाच्या गळ्यातही ती मिटू पाहते. या पेटीत पुढून मागे आडव्या ताणलेल्या दोन ओलसर, मऊ पट्ट्या असतात, त्यांना स्वररज्जू म्हणतात. त्यांची लांबी पुरुषांत साधारणतः १७ ते २५ मिलिमीटर आणि स्त्रियांत साधारणतः साडेबारा ते साडेसतरा मिलिमीटर, म्हणजे ज्या गळ्याने सभागृह भारून जाते त्याचे मूळ साधन अंगठ्याच्या नखाहून फारसे मोठे नसते. श्वास घेताना या पट्ट्या दूर होतात. स्वर लावताना त्या जवळ येतात, खालून येणारा श्वास त्यांना विलग करतो, आणि त्यांची स्वतःची लवचीकता व मधून वाहणारी हवा त्यांना पुन्हा एकत्र आणतात. ही उघडझाप एका सेकंदात जितक्या वेळा होईल तितका स्वर उंच.

येथे एक शास्त्रीय वाद सांगितला पाहिजे, कारण त्याच्या निकालावर गायनशिक्षणाची सारी दिशा अवलंबून आहे. १९५० साली राउल हुसाँ या फ्रेंच संशोधकाने असे प्रतिपादन केले, की स्वररज्जूंचे प्रत्येक कंपन मेंदूकडून मज्जातंतूच्या द्वारे आलेल्या स्वतंत्र आज्ञेने होते. हे खरे असते तर गाणे हा निव्वळ हुकूम आणि तामिलीचा प्रश्न झाला असता. परंतु १९५८ साली यानविलेम व्हान डेन बर्ग या डच शास्त्रज्ञाने कंपनाचा उलगडा श्वासाचा दाब आणि पट्ट्यांची लवचीकता या दोनच गोष्टींनी करून दाखविला, आणि आज तोच सर्वमान्य आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा, की गायकाला कंपन करता येत नाही. श्वास किती सोडावयाचा, पट्ट्या किती जवळ आणावयाच्या आणि किती ताणावयाच्या एवढीच व्यवस्था त्याच्या अधिकारात आहे, आणि ती व्यवस्था नीट लागली की स्वर आपोआप होतो. ज्या गळ्यावर जबरदस्ती केली जाते त्यात स्वर वाढत नाही, केवळ अडथळा वाढतो.

ताणण्याचे काम कसे होते हे वाचकाने स्वतः तपासून पाहावे. तर्जनीचे टोक कंठमण्यावर ठेवून ते मधोमध हळूहळू खाली आणावे; कठीण कूर्चा संपून एक लहानशी मऊ खाच लागते आणि तिच्याखाली पुन्हा अंगठीसारखी कठीण कूर्चा लागते. बोट न दाबता त्या खाचेवर नुसते टेकवून हलक्या आवाजात मध्य षड्जापासून तार षड्जापर्यंत मींडेने जावे, म्हणजे खाच बोटाखाली अरुंद होत जाते असे जाणवेल. वरची आणि खालची कूर्चा समोरून जवळ येतात, त्यामुळे आतील पट्ट्या मागल्या बाजूला लांबतात व ताणल्या जातात. हे काम ज्या स्नायूंच्या जोडीचे आहे ती फार लहान आहे. मान, जबडा, खांदे आणि कपाळ यांचा त्यात काडीइतकाही वाटा नाही, आणि तरीही तार सप्तकाकडे निघालेला नवशिका या चौघांनाही कामाला जुंपतो, हीच त्याची व त्याच्या गुरूची मुख्य अडचण.

आता थोडा हिशेब. पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली तर त्याचा मध्य षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा, आणि काळी चारमध्ये गाणाऱ्या स्त्रीचा सुमारे २०८ कंपनांचा येतो. म्हणजे तासभर केवळ षड्ज धरून ठेवला तरी पहिल्याच्या स्वररज्जू एकमेकींवर सुमारे पाच लाख वेळा आणि दुसरीच्या सुमारे साडेसात लाख वेळा आपटतात. मग पंचमाच्या वर रेंगाळणारा ख्याल, द्रुतातील ताना आणि दिवसभराचे बोलणे यांची बेरीज ज्याची त्याने करावी. इतके आघात सोसण्याची सोय निसर्गाने केलेली आहे. हिरानो या जपानी शास्त्रज्ञाने १९७४ साली दाखवून दिले, की स्वररज्जूचा गाभा स्नायूचा असून त्यावरचे आवरण सैल व लिबलिबीत असते, आणि गाताना त्या आवरणावरून एक लाट वाहत जाते. आवाजातील तेज, जवारी आणि लवचीकता या लाटेवर अवलंबून असते. आवरण कोरडे पडले वा सुजले की लाट मंदावते, तोच स्वर काढण्यास अधिक दाब लागतो, अधिक दाबाने सूज वाढते, आणि मुद्दल तसेच ठेवून व्याजावर व्याज चढत जावे अशी गायकाची स्थिती होते.

स्वररज्जूंपासून निघालेला नाद मूळचा केवळ एक बारीकसा गुंजारव असतो. त्याला ओळखीचा आवाज बनवितात ते घसा, तोंड आणि जीभ यांचे आकार. युरोपातील ऑपेराचा गायक मोठ्या वाद्यवृंदावरून सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत ध्वनिवर्धकाशिवाय पोहोचतो, त्याचे कारण तो घशाची पोकळी अशा रीतीने योजतो, की सेकंदाला ३,००० कंपनांच्या आसपासचा नादांश त्याच्या आवाजात विशेष बळावतो. स्वीडनच्या योहान सुंडबर्ग यांनी याचे सविस्तर विवेचन केले आहे. आमच्या संगीत नाटकातील नटांनाही ध्वनिवर्धकापूर्वीच्या काळात मागल्या रांगेची चिंता होतीच, आणि ती त्यांनी उंच पट्टी व खुला आवाज यांनी वारली. पुढे ध्वनिमुद्रिका आणि नभोवाणी आली, १९४८ साली नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले, आणि हलक्या, खासगी आवाजालाही श्रोता मिळू लागला. आता मोठ्याने गाण्याची गरज उरलेली नाही, तरी मोठ्याने गाण्याची सवय उरलेली आहे.

तत्त्व सांगून झाले. आता त्याचे दाखले आपल्याच संगीताच्या इतिहासात शोधावेत. भास्करबुवा बखले हे बालपणी किर्लोस्कर नाटक मंडळीत गोड गळ्याचे नट म्हणून नावाजले गेले, परंतु वयात येताना आवाज फुटला आणि रंगभूमीवरचे त्यांचे दिवस संपले. तेच पुढे तीन घराण्यांची विद्या मिळवून महाराष्ट्राचे गायनगुरू झाले आणि बालगंधर्वांसारखा शिष्य त्यांच्या हाताखाली तयार झाला. मुलाचा आवाज फुटणे म्हणजे स्वररज्जू थोड्या महिन्यांत लांब व जाड होणे. हा विकार नाही, ही बांधकामाची मुदत आहे. त्या मुदतीत मुलाला जुन्या पट्टीत ओढू नये आणि गाणे कायमचे सोडण्यासही सांगू नये. अल्लादियाखाँसाहेबांची हकीकत याहून कठोर आहे. माळव्यातील आमलेटा या लहान संस्थानात राजाच्या आग्रहापायी त्यांना अतोनात गावे लागले आणि आवाज असा बसला, की बराच काळ गाणेच बंद पडले. परतलेला आवाज पूर्वीचा नव्हता. तेव्हा त्या आवाजाला झेपेल, शोभेल आणि त्याच्या मर्यादेतच अपूर्व ठरेल अशी गायकी त्यांनी स्वतः घडविली, आणि पुढे कोल्हापूर दरबारच्या आश्रयाने ती जयपूर-अत्रौली घराणे म्हणून महाराष्ट्रभर रुजली. ज्या अतिश्रमाने त्यांचा गळा गेला त्याचे मात्र कोणी अनुकरण करू नये. अशा अपघातातून नवी वाट काढणारा शतकात एखादाच निघतो.

कुमार गंधर्व यांना १९४७ च्या सुमारास क्षयाने गाठले, देवासच्या वास्तव्यात काही वर्षे गाणे बंद राहिले, आणि त्यातून उठल्यावर एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेले असताना त्यांनी जे गाणे मांडले त्यातील आखूड, टोकदार, मध्येच थांबणाऱ्या स्वराकृती आज सर्वांच्या परिचयाच्या आहेत. दमसास म्हणजे छातीत किती हवा मावते याचे माप नसून हाती असलेली हवा किती विवेकाने खर्च होते याचे माप आहे, हे त्यांच्याइतके स्पष्टपणे कोणी दाखविले नाही. गंगूबाई हनगल यांच्या तरुणपणीच्या ध्वनिमुद्रिकांतील बारीक, उंच आवाज आणि नंतरचा त्यांचा भारदस्त, पुरुषी म्हणावा असा आवाज एकामागून एक ऐकले तर गायिका एकच आहे यावर विश्वास बसत नाही. घशाच्या दुखण्यानंतर पालटलेला तो आवाज त्यांनी लपविला नाही, त्याला जुन्या पट्टीत नेण्याचा हट्ट धरला नाही, आणि त्या आवाजावर त्या दीर्घायुष्यभर गात राहिल्या.

या अनुभवांना शास्त्राची जोड देण्याचा मराठीतील पायाभूत उद्योग प्रा. बा. र. देवधर यांचा. विष्णू दिगंबर पलुसकरांचे शिष्य आणि कुमारांचे गुरू असलेल्या देवधरांनी १९२५ साली मुंबईत स्कूल ऑफ इंडियन म्युझिक काढले, पाश्चात्त्य संगीताचेही रीतसर शिक्षण घेतले, आणि ‘आवाज साधना शास्त्र’ लिहून गवयांच्या गळ्याचा प्रश्न प्रथमच गवयांच्या भाषेत मांडला. त्यांच्यानंतर अशोक दा. रानडे यांनी हाच विचार गाण्यापुरता न ठेवता भाषण आणि नाट्य यांच्या आवाजापर्यंत नेला. प्रस्तुत ग्रंथकर्ते याच वाटेने चालले आहेत. त्यांनी घातलेली भर आहे ती विदर्भाची.

विदर्भाला आवाजाची वाण कधीच नव्हती. मूर्तिजापूरला जन्मलेले वसंतराव देशपांडे नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे गायनाचे पहिले पाठ शिकले, पुढे आयुष्यातील मोठा काळ लष्कराच्या हिशेबखात्यात कारकुनी करून त्यांनी गाणे जपले, आणि नागपूरच्याच पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेल्या, १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये खाँसाहेबांची भूमिका करून गद्य संवाद व चौफेर फिरणारी गायकी यांचा भार एकाच गळ्यावर पेलला. गायक-नटाला बोलण्यासाठी व गाण्यासाठी दोन वेगळी स्वरयंत्रे मिळत नाहीत. म्हणून दिवसभर शाळेत शिकवून संध्याकाळी रियाजाला बसणाऱ्या शिक्षिकेचा गळा जेव्हा बसतो, तेव्हा दोष बहुधा रियाजाचा नसून आधीच्या सहा तासांचा असतो.

आमच्या नागपूरचे हवामान गळ्याला सौम्य नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हवा तोंडातील ओलावा शोषून घेते, आणि स्वररज्जूंवरचा श्लेष्माचा पातळ थर घट्ट होऊन चिकटू लागतो. याबाबतीत एक मोठा गैरसमज ग्रंथकर्त्यांनी दूर केला आहे. प्यालेले पाणी, चघळलेले ज्येष्ठमध, खडीसाखर अथवा कोमट पाण्याच्या गुळण्या यांपैकी काहीही स्वररज्जूंना प्रत्यक्ष स्पर्श करीत नाही, कारण ती वाट अन्ननलिकेची. घशाला त्यांनी आराम वाटतो तो खरा, पण स्वररज्जूंना ओलावा मिळतो तो दोनच मार्गांनी, सबंध शरीरातील पाण्यातून आणि श्वासावाटे येणाऱ्या दमट हवेतून. म्हणून गाण्याच्या क्षणी घोटभर पाणी पिण्यापेक्षा सकाळपासून नेमाने पाणी पीत राहणे आणि साध्या पाण्याची वाफ घेणे हे अधिक फलदायी. आमच्या घरोघरचा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर हवा दमट करतो, म्हणून कोरड्या वातानुकूलनापेक्षा तो गायकाला हितकारक आहे. परंतु त्याची घरघर खोलीभर असते, आणि गोंगाटात मनुष्याचा आवाज नकळत चढतो हे एतिएन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ साली दाखवून दिले आहे. वेस्ट हायकोर्ट रोडकडे उघडणाऱ्या खिडकीजवळ बसून संध्याकाळच्या वाहतुकीवर मात करीत पलटे घोटणारी मुले मी पाहतो, तेव्हा त्यांच्या पालकांना असे सांगावेसे वाटते, की तंबोरा चांगल्यातला आणण्याआधी गाण्याची खोली मागल्या बाजूला हलवा. कूलरनेही आधी खोली गार करावी आणि रियाजापुरते गप्प बसावे.

खाण्यापिण्याचा विचार याच न्यायाने करावा. आंबटाने आवाज बसतो ही समजूत नागपुरात पाळावयाची तर संत्र्यावरच बहिष्कार घालावा लागेल. ज्याला आम्लपित्ताचा त्रास नाही त्याने तसे करण्याचे कारण नाही. खरी हानी उशिराच्या जेवणाने होते. मैफल संपवून मध्यरात्री सावजीचा झणझणीत रस्सा रिचवून लगेच आडवे झाले, की जठरातील आम्ल झोपेत वर येऊन स्वरयंत्राच्या मागील भागाला जाळते, आणि सकाळी घसा खाकरत उठलेला गायक दोष थंड पाण्याला देतो. जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवावे. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याविषयी मात्र कोणतीही सवलत देता येत नाही. तंबाखूने होणारा कर्करोग सर्वांना ठाऊक आहे. सुपारीने गालांच्या आतील त्वचा ताठर होऊन तोंड उघडण्याचे माप दिवसेंदिवस कमी होते, हे तितकेसे ठाऊक नाही, आणि ज्याला दोन बोटांपेक्षा तोंड उघडत नाही त्याने आकार कसा लावावा?

विकारांची लक्षणे पुस्तकात सविस्तर आली आहेत. येथे तिघांचा उल्लेख पुरे. अतिवापराने दोन्ही स्वररज्जूंच्या मध्यभागी समोरासमोर लहान गाठी येतात. त्या प्रौढ स्त्रियांत आणि ओरडणाऱ्या मुलांत अधिक आढळतात, बहुतांशी योग्य स्वरोपचाराने विरतात, आणि शस्त्रक्रियेची पाळी क्वचित येते. सर्दी-खोकल्याने सुजलेल्या गळ्यावर भर मैफलीत जोर केला तर स्वररज्जूत रक्तस्राव होऊन आवाज एकाएकी नाहीसा होतो; अशा वेळी संपूर्ण मौन आणि तातडीने तपासणी याखेरीज तिसरा इलाज नाही. स्वररज्जू हलविणाऱ्या डाव्या बाजूच्या मज्जातंतूची वाट तर छातीत उतरून महारोहिणीला वळसा घालून पुन्हा गळ्याकडे येते, त्यामुळे घोगरेपणाचे मूळ कधीकधी छातीतील विकारात असते. सबब तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला घोगरेपणा, मग तो गायकाचा असो वा भाजीवाल्याचा, काढ्यांवर न सोपविता नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाच्या घसाविभागात दाखवावा. आवाज बसला असता कुजबुजणे हे मौन नव्हे, त्याने पुष्कळांच्या गळ्यावर उलट ताणच पडतो, आणि वारंवार खाकरणे म्हणजे सुजलेल्या पट्ट्या एकमेकींवर मुद्दाम आपटणे, एवढे तरी प्रत्येकाने ध्यानात धरावे.

एका बाबतीत माझा ग्रंथकर्त्यांशी मतभेद आहे आणि तो नोंदविणे हे प्रस्तावनाकाराचे कर्तव्य आहे. पहाटेच्या खर्जसाधनेची त्यांनी सर्वांना सारखीच शिफारस केली आहे. खालच्या स्वरांत श्वासाचा दाब कमी लागतो, पट्ट्या सैल राहून पुरेशा मिटतात, आणि झोपेतून उठलेला गळा हळूहळू कामाला लागतो, हे तिचे गुण मला मान्य आहेत. परंतु शिक्षक पुरुष, विद्यार्थिनी बारा वर्षांची आणि खर्ज शिक्षकाच्या पट्टीचा, अशी स्थिती वर्गावर्गांतून दिसते, आणि मग ती मुलगी हनुवटी छातीला टेकवून, स्वरयंत्र खाली दाबून, जो घोगरा ध्वनी काढते त्याला साधना म्हणता येत नाही. खर्ज ज्याचा त्याने आपल्या पट्टीत, जेथवर स्वर गोल राहतो तेथवरच भरावा. ज्यांना तो जमत नाही त्यांच्यासाठी ओठ मिटून केलेला हलका हुंकार अथवा मकारावर रेंगाळणारा ओंकार हा अधिक निर्धोक आरंभ आहे. कारण मिटलेल्या ओठांमागे साचलेला हवेचा दाब स्वररज्जूंना वरून आधार देतो आणि त्यांचे आपटणे सौम्य करतो, असे आजचे स्वरोपचारतज्ज्ञही मानतात. वर्गात पेटी एकच, म्हणून सगळ्यांची पट्टीही एकच, हा सोयीचा नियमही याच कारणाने मोडीत काढला पाहिजे.

पुस्तकाच्या उपयोगाविषयी एक सूचना करून मी आवरतो. गायनाच्या प्रत्येक वर्गात हजेरीपट असतो आणि शुल्काची वहीही असते. त्यांच्या जोडीला गळ्यांची एक वही ठेवावी. विद्यार्थी दाखल होताच त्याला दोन मिनिटे नुसते बोलू द्यावे, मग तो विनासायास किती खाली व किती वर जातो, आकार किती वेळ न थरथरता धरतो, आणि गाताना मान व जबडा काय करतात, हे लिहून ठेवावे. दर तीन महिन्यांनी तीच नोंद पुन्हा करावी, मुलांचा आवाज फुटू लागल्यास तारीख घालावी, आणि मागील नोंदीपेक्षा आवाका घटलेला अथवा स्वर घोगरा झालेला आढळल्यास राग पुढे न नेता आधी कारण शोधावे. असे केल्याने गळ्याची हयगय शिष्याच्या दुर्दैवाच्या खात्यात जमा न होता गुरूच्या जबाबदारीच्या खात्यात येईल, आणि ती तेथेच असावयास हवी. या वहीला एका शंभरपानी वहीहून अधिक खर्च नाही. तिच्यातील पहिली ओळ मात्र पहिला अलंकार शिकविण्यापूर्वी लिहिली गेली पाहिजे.

धरमपेठ, नागपूर
वसंतपंचमी